फोटो कापलेला नाहीये

प्रिय चिऊ,

आजीचा बेदाण्याच्या शेडमधला फोटो मिळाला एकदाचा. मोठ्या काकांनी काल रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, आधी उलटा, मग आडवा, मग त्यात त्यांचाच अंगठा, शेवटी काकूंनी फोन हिसकावून घेतला असणार कारण चौथा एकदम झकास आलाय. मेलला जोडलाय बघ. तू तीन आठवड्यांपूर्वी मागितला होतास, मी "देतो की" म्हणालो आणि काहीच केलं नाही, आणि ते विसरलो म्हणून नाही हे तुलाही माहितीये. आई म्हणाली फोन करू नका, तुम्ही दोन मिनिटांत फीवर येता, सरळ लिहा. म्हणून आत्ता इंडियन स्टोअरच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून टाईप करतोय, आई आत गेलीये म्हणजे पाऊण तास तरी आहे हातात. शुद्धलेखन बघू नकोस.

आधी सोप्पं सांगून टाकतो. काकांकडं फोटो मागायचा म्हणजे कशाला पाहिजे ते सांगणं आलं, आणि काकांना परवापर्यंत वाटत होतं की तू डेव्हिसला द्राक्षं शिकतीयस, चित्रकला नाही.

हस खुशाल. पण ऐक कसं झालं ते. एप्रिलमध्ये तुझं अ‍ॅडमिशन पक्कं झालं आणि मी आनंदाच्या भरात रात्री तासगावला फोन लावला, म्हणलं चिऊला यूसी म्हणजे कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीचं डेव्हिस मिळालं. आता तासगावात डेव्हिस म्हणजे काय साधी गोष्ट आहे का, आपल्याकडच्या बागायतदाराला हार्वर्ड एकवेळ माहीत नसेल पण डेव्हिस माहीत असतं, द्राक्षाच्या चर्चासत्रात कुणीतरी "डेव्हिसवाले असं म्हणत्यात" म्हणून सुरुवात करतंच. काका इतके खूश झाले, "पोरगी आपल्या धंद्यात आली की रं!" आणि मी म्हणलं, हां. एवढंच म्हणलं. पुढचे सात महिने ते मला विचारतायत, डाऊनी रोगावर तिकडं नवीन काय आलंय विचार की तिला, ऑक्टोबर छाटणी पंधरा दिवस पुढं ढकलली तर चालंल का विचार, आणि मी इकडं तिकडं वाचून तुझ्या नावानं उत्तरं देत होतो. वेलीवरच्या भुरी रोगाबद्दल तू दिलेला सल्ला काकांनी शेजाऱ्यांनाही सांगितलाय असं कळतंय.

हे लपवणं काही पहिल्यांदा नव्हतं, तेही लिहितो. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी मार्चमध्ये एकेक "सॉरी"ची मेल यायला लागली आणि शेवटी तू म्हणालीस की मी कम्युनिटी कॉलेजला जाते, दोन वर्षांनी मोठ्या युनिव्हर्सिटीला ट्रान्सफर घेते, तेव्हा मी वर वर "हो हो, उत्तम" म्हणालो आणि त्या वर्षी गणपतीच्या कार्यक्रमात कुणी विचारलं की सांगायचो, ती सध्या जरा ब्रेक घेतीये. ब्रेक! तू सकाळी आठचं कॅल्क्युलस, दुपारी बोबा टीच्या दुकानात शिफ्ट आणि रात्री असाइनमेंट करत होतीस आणि तुझा बाप मोदक खात खात ब्रेक सांगत होता. तू तिथंच दोन खुर्च्या सोडून बसली होतीस. ऐकलंस ते मला माहिती आहे, कारण येताना गाडीत तू इअरफोन काढलेच नाहीस.

आणि यातला खरा गाढवपणा आता सांगतो, जो मी तुला कधीच नीट सांगितलेला नाही. मी स्वतः डिप्लोमावाला आहे. दहावीनंतर अकरावी-बारावी न करता पॉलिटेक्निक, मग मार्कांवर इंजिनिअरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरला. म्हणजे तुमच्या भाषेत ट्रान्सफर स्टुडंटच की मी. आणि तिथं बारावीवाल्या पोरांनी आम्हाला जे वागवलंय, "ए डिप्लोमा" अशीच हाक मारायचे, नावानं नाही. आमचे गणिताचे एम-वन, एम-टू झालेले नसायचे आणि समोर थेट एम-थ्री यायचा, लाप्लास ट्रान्सफॉर्म, मास्तर म्हणायचे हे तुम्हाला येतंच. मला काय डोंबलाचं येत होतं. पहिल्या सेमला उडालो मी त्यात. त्यामुळं तू ऑक्टोबरमध्ये रडत फोन केलास की इथं क्वार्टर दहाच आठवड्यांचं, चौथ्या आठवड्यात मिडटर्म, बाकीच्यांचे ग्रुप दोन वर्षांपासून जमलेले आणि मी लायब्ररीत एकटी, तेव्हा मला आमच्या हॉस्टेलची खोली दिसत होती डोळ्यापुढं, आणि मी बोललो काय, तर "टाइम मॅनेजमेंट कर".

तुझी ती दोन वर्षं मी आता जरा नीट समजून घेतलीत. आई म्हणते उशिरा का होईना. कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत, राज्याच्या रहिवाशांना युनिटला म्हणजे क्रेडिटला ४६ डॉलर, आणि दार कुणालाही उघडं. साठ युनिट जमवायचे, कुठला कोर्स कुठल्या यूसीला चालतो ते असिस्टच्या साइटवर एकेक ताडून बघायचं, मग टॅग म्हणजे प्रवेशाची गॅरंटी, तीही नऊपैकी सहाच यूसी देतात, बर्कली, एलए आणि सॅन डिएगो देत नाहीत, आणि टॅगचा फॉर्म सप्टेंबरमध्येच भरावा लागतो, चुकला की चुकला. हे सगळं तू एकटीनं केलंस. तुझा तो मोठा तक्ता फ्रिजवर लावलेला असायचा, हिरवा मार्कर झाला, केशरी मार्कर चालू, आणि मी त्याच्यावर दुधवाल्या मॅग्नेटखाली विजेची बिलं अडकवायचो.

त्याच तक्त्यात तळाला आयगेट्सीचा, म्हणजे ट्रान्सफरसाठी लागणाऱ्या सामान्य विषयांच्या यादीचा, सातवा एरिया होता, एथनिक स्टडीज, एकच चौकोन भरायचा राहिलेला. तू म्हणालीस कुठला तरी घेते, वेळ जुळतोय तो. मंगळवार-गुरुवार दुपारचा. कॉम्प्युटर सायन्सची पोरगी एक चौकोन भरायला गेली आणि तिकडचीच झाली, याला मी बरेच दिवस त्या टाइमटेबललाच दोष देत होतो. पहिल्यांदा जेवताना तू "चिकाना आर्ट" म्हणालीस तेव्हा मी चिकनकारी ऐकलं आणि विचारलं, लखनौचं का? तू आणि आई इतक्या हसलात की मी चिडलो. मग तू सांगितलंस, इथं वाढलेल्या मेक्सिकन वंशाच्या बायका, १९६०-७० च्या हक्कांच्या चळवळीत पुरुषांबरोबर पोस्टर चिकटवत फिरणाऱ्या, आणि त्या चळवळीतही भाकऱ्या थापायला आपणच का असं विचारणाऱ्या. टॉर्टिया म्हणाली होतीस तू, भाकरी मी केली.

योलांडा लोपेझ या चिकाना चित्रकाराची ती तीन चित्रं तू मला लॅपटॉपवर दाखवलीस, १९७८ ची, ते मला चांगलं आठवतंय कारण त्यातली मधली मला आवडली होती आणि मी बोललो नव्हतो. ग्वादालुपेची देवी म्हणजे मेरीमाता, त्यांच्या घराघरातली, आपल्याकडं तुळजाभवानीची तसबीर असते तशी, पाठीमागं किरणं, ताऱ्यांचा निळा शेला. एकीत चित्रकार स्वतःच बूट घालून त्या किरणांतून पळत बाहेर येतीये हातात साप धरून, एकीत तिची आजी बसलीये. आणि मधल्यात तिची आई, चष्मा, जाड हात, शिलाई मशीनवर बसून तो ताऱ्यांचा शेला स्वतःच शिवतीये. देवीचा शेला कुणीतरी शिवलेला असतो हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. तू तेव्हा हेही म्हणाली होतीस की लोपेझ पण आधी कम्युनिटी कॉलेजलाच गेली होती, कॉलेज ऑफ मरिनला, मग पुढं यूसी सॅन डिएगोतून मास्टर्स. ते तू माझ्यासाठी म्हणालीस. मी तेव्हा पनीरची भाजी वाढून घेत होतो.

बाकी मी काय काय बोललो ते परत लिहीत नाही. "याचं पुढं काय" हे किती वेळा बोललो असेन देव जाणे. आणि "हे आपलं नाही, आपला काय संबंध", हे पण.

ऑगस्टमध्ये तू मला बार्ट ट्रेननं सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात घेऊन गेलीस ना, तो दिवस. खरं सांगू, मी निव्वळ तू आता जाणार म्हणून आलो होतो, भिंती बघायला नाही. चोवीस नंबरच्या रस्त्यानं चालत निघालो, बाल्मी अ‍ॅलीत तू मुहेरेस मुरालिस्तास म्हणजे भित्तिचित्रं काढणाऱ्या बायकांच्या गटाबद्दल सांगत होतीस, १९७० च्या दशकात चार-पाच बायकांनी मिळून भिंती रंगवल्या, पुरुष म्हणायचे बायकांना परांची झेपणार नाही, आणि त्यांनी मुठी आवळलेले पुढारी काढायच्या ऐवजी बाजार, मका, पोरंबाळं काढली. मला ऊन लागत होतं. मग तू त्या बेकरीतनं शिंपल्यासारखा गोड पाव घेऊन दिलास, तो खात खात आपण यॉर्क स्ट्रीटच्या कोपऱ्यावर पोचलो आणि तू काहीच बोलली नाहीस. नुसती थांबलीस.

निळी भिंत. मधे मेक्सिकन लोककथेतली ती रडणारी बाई, ला योरोना. आणि मी म्हणलं अरे, या साड्या आहेत. पाण्यात उभ्या राहिलेल्या बायका, साड्या नेसलेल्या, आपल्या. तू म्हणालीस, "नर्मदा आहे बाबा ती."

हुआना अलिसिया या चित्रकारानं २००४ मध्ये काढलेलं, बोलिव्हियातली पाण्याची लढाई, मेक्सिकोतल्या हुआरेसच्या बायका आणि नर्मदा, एका भिंतीवर. मी पॉलिटेक्निकला असताना सकाळला, लोकसत्ताला मणिबेलीच्या सत्याग्रहाच्या बातम्या यायच्या, नर्मदेच्या धरणात महाराष्ट्रातलं पहिलं बुडणारं गाव, आणि मेसमध्ये पेपर आला की मी शेवटच्या पानावरनं वाचायला सुरुवात करायचो, ९२ चा वर्ल्ड कप होता. पुढच्या पानांपर्यंत पोचायचोच नाही. ती बातमी मी शेवटी वाचली कुठं, तर तेहेतीस वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोत, एका भिंतीवर, हातात गोड पाव. तुला वाटलं मी नेहमीसारखा गप्प आहे. नव्हतो गं. मी लाजलो होतो.

मग तू सांगितलंस की याच भिंतीवर आधी तिचंच दुसरं चित्र होतं, १९८३ चं, लेट्यूस काढणाऱ्या बायकांचं, त्यांच्या अंगावर वरनं औषध फवारलं जातंय. तिथून विषय निघाला चित्रकार एस्टर हर्नांडेझचा, आणि बार्टमध्ये तू मला फोनवर सन मॅड दाखवलंस. १९८२ चं स्क्रीनप्रिंट. सन-मेड बेदाण्याच्या लाल डब्यावरची ती हसरी टोपीवाली पोरगी, जी आपल्या किचनमध्ये तुझ्या डब्यासाठी दहा वर्षं होती, तिच्याजागी टोपी घातलेला सांगाडा, हातात द्राक्षांची टोपली, आणि खाली लिहिलेलं की कुठकुठल्या विषांवर ही पोसलीयेत. तिचं गाव कॅलिफोर्नियातलंच दिनुबा, सगळं द्राक्षाचंच, घरची माणसं शेतमजूर, आणि तिथल्या विहिरींच्या पाण्यात कीटकनाशकं सापडली तेव्हा तिनं ते काढलं.

चिऊ, मी तासगावचा आहे. मला ते चित्र कुणी समजावून सांगायची गरज नाही. तिथली थॉम्पसन सीडलेस तीच आपली थॉम्पसन, तास-ए-गणेश त्यातूनच निघालीये. तिकडं दोन ओळींच्या मधे जमिनीवर कागद पसरून उन्हात वाळवतात, आपल्याकडं शेडमध्ये जाळ्यांचे मजले असतात आणि त्याच्यावर घड पसरतात, त्याआधी डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून काढतात, एवढाच फरक. तो वास मला आत्ता या गाडीत येतोय. आणि आपण फवारणी म्हणतच नाही, "औषध मारणं" म्हणतो, सकाळी चहा घेताना घराघरात चर्चा, आज औषध मारायचंय का. माझे आप्पा मोरचूद-चुन्याचं बोर्डो कालवायचे, पाठीवरचा पंप घेऊन स्वतः मारायचे, घरी आले की बनियनवर निळे पट्टे असायचे आणि आजी तो बनियन वेगळ्या बादलीत टाकायची. म्हणून मी तुला बार्टमध्ये म्हणलं, हे तर आपलंच आहे, म्हणजे सहा महिने आधी "आपलं नाही" म्हणणारा मीच.

आणि तू तिथं काही बोलली नाहीस, पण मनात ठेवलंस, आणि तीन आठवड्यांपूर्वी फोनवर विचारलंस. सिल्कस्क्रीनच्या क्लासला प्रिंट करायचंय, आजीचा शेडमधला फोटो पाहिजे, मी म्हणलं देतो की, मागं किरणं लाव त्या देवीसारखी. तू म्हणालीस नाही, ती किरणं माझी नाहीत, ती मी उचलणार नाही, माझ्याकडं शेडच्या जाळ्या आहेत. मला आवडलं ते. आणि मग विचारलंस, "बाबा, पण आपण कोण होतो तिथं? मालक का मजूर?"

मी उखडलो. तीन एकर बागेला मालक म्हणतात का, आप्पांच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज होतं, गारपिटीत दोनदा बाग गेली, तुला फ्रीमाँटमध्ये वाढून काय कळणार, असं बरंच. मग फोन ठेवला. तुला कॅलिफोर्नियातल्या द्राक्षमजुरांचा देलानोचा संप शिकवलाय, १९६५ चा, आधी फिलिपिनो मजूर बाहेर पडले मग मेक्सिकन, पाच वर्षं चालला, द्राक्ष खाऊ नका म्हणून देशभर बहिष्कार, हे मी नंतर वाचलं दोन-तीन रात्री बसून. वाचताना आधी मी त्यांच्या बाजूनं होतो, आणि मग एकदम लक्षात आलं की हा बहिष्कार तासगावात झाला असता तर तो आपल्यावर झाला असता.

आता फोटो उघड. आपल्या हॉलमध्ये आजीचा फोटो आहे ना, हार घातलेला, तो याच फोटोतला आहे. १९९७ चा, माझ्या पहिल्या पगाराच्या कॅमेऱ्यानं मी काढलेला, मार्च महिना, शेड भरलेली. आजी गेल्यावर फ्रेमसाठी मीच स्टुडिओवाल्याला सांगितलं होतं, बाकीचं उडवा, फक्त आई ठेवा. तू जन्मापासून तो उडवलेला फोटो बघतीयस. हा पूर्ण आहे. उजवीकडं बघ, जाळीच्या खांबाला धरून एक बाई उभी आहे, डोक्याला टॉवेल, शर्ट घातलाय साडीवर, हात कोपरापर्यंत तेलकट चमकतायत कारण ती नुकती डिपिंगच्या टाकीवरनं उठून आलीये. हसतीये पण कॅमेऱ्याकडं नाही, आजीकडं. ती मावशी. जतकडची. दुष्काळी भागातनं टोळी यायची सीझनला, त्यात ती दरवर्षी, सात-आठ वर्षं तरी. मला चहा द्यायची स्वतःच्या कपातला. हातमोजे वगैरे काही नसायचं, संध्याकाळी दगडानं हात घासायची आणि बोटांची सालं निघालेली असायची, आणि आजी तिला खोबरेल द्यायची वाटीत. आजी चांगली होती गं. पण हातमोजे कुणीच आणले नाहीत.

काकांना फोन केला तेव्हा सगळंच सांगून टाकलं. द्राक्षं नाही, चित्रकला, चिकाना स्टडीज, वुडलंडच्या टाना स्टुडिओत जाऊन प्रिंट काढते. बराच वेळ पलीकडं नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाले, "म्हंजे डाऊनीचं ते तू सांगत हुतास व्हय?" आणि इतके हसले की खोकला लागला. राग नाही आला त्यांना, किंवा आला असेल तर पुढच्या खेपेला गावी गेल्यावर कळेल.

मी विचारलं, दादा, त्या मावशीचं नाव काय होतं? म्हणाले, "नाव... मावशीच की. जतची." काकूंना विचारलं, काकू म्हणाल्या तिला एक पोरगा होता, नाव नाही आठवत. मग आज पहाटे काकांनी माळ्यावरनं आप्पांची हजेरीची वही काढली, ९६-९७ ची, आणि त्या पानाचाही फोटो पाठवलाय, तोही जोडलाय. आप्पांचं अक्षर किती सुंदर होतं बघ. ट्रॅक्टरवाल्याचं नाव आहे, औषधाच्या दुकानदाराचं आहे, बेदाणा कुठल्या अडत्याकडं किती बॉक्स गेला ते आहे. आणि मजुरांच्या रकान्यात रोज एकच ओळ. "बाया ६." दुसऱ्या दिवशी "बाया ६." एका दिवशी "बाया ५", आणि पुढं कंसात "जत आजारी".

तुझ्या प्रिंटमध्ये काय ठेवायचं काय नाही ते तू बघ, मी आता सुचवत नाही. फक्त हा कापू नकोस एवढंच म्हणतो, नाहीतर तेही तूच ठरव.

थँक्सगिव्हिंगला बुधवारची कॅपिटल कॉरिडॉर ट्रेन पकडतीयस ना, संध्याकाळची असेल तर फ्रीमाँट स्टेशनवर मी येतो, आईला स्वयंपाक करू दे. आणि डेव्हिसमध्ये खरोखरचं कुणी द्राक्षवालं भेटलं तर डाऊनीचं विचार प्लीज, काकांना मी शब्द दिलाय आणि आता मला परत गूगल करून चालणार नाही.

आई आली. दोन पिशव्या घेऊन येते म्हणाली होती, ट्रॉली आहे.

बाबा